विद्वांसकाकांची जीभ

विद्वांसकाकांच्या हॉटेलात ‘छान झालंय’ म्हणायला बंदी होती.

तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण हा शब्द एकदा तोंडातून निसटला की माणसाला कळून चुकायचं. मला पहिल्याच दिवशी कळलं.

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मी पुण्याहून येऊन नोकरीला लागलो होतो. ब्युओना व्हिस्टा स्टेशनच्या मागे, सरकारी फ्लॅटांच्या एका जुन्या ब्लॉकखाली दुकानांची एक ओळ होती. तिथे चिनी औषधांचं दुकान आणि केस कापायचं सलून यांच्या मधोमध सहा टेबलांचं एक स्पॅनिश हॉटेल होतं. खाली हॉटेल, वर मालकांचं घर. दारावर स्पॅनिशमध्ये ‘पिलारचं घर’ असं लिहिलेलं. आत तापास मिळायचे. तापास म्हणजे छोट्या छोट्या बशांतून येणारं खाणं. एका बशीत चार घास, ते संपले की पुढची बशी, आणि मधल्या वेळात भरपूर गप्पा.

मी लसणातली कोळंबी मागवली. मातीच्या पसरट भांड्यात ऑलिव्हच्या तेलात कोळंबी चुरचुरत आली. मालक स्वतः घेऊन आले. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला पेन, पांढऱ्या मिशा. मी एक कोळंबी खाल्ली आणि इंग्रजीत म्हणालो, “व्हेरी नाइस!”

त्यांचा चेहरा पडला. “नाइस सोडा. मागच्यासारखंच आहे का, ते सांगा.”

“मी पहिल्यांदाच आलोय.”

“मग पुन्हा या आणि तेव्हा सांगा,” असं म्हणून ते वळले आणि स्वतःशीच पुटपुटले, “शिंच्यांना सगळ्यांना छानच वाटतं!”

मी खुर्चीवरून उडालोच. “काका, तुम्ही मराठी?”

ते थांबले. मला खालून वर न्याहाळलं. “कुठला तू?”

“पुण्याचा.”

“पुण्याचा? मग तुला छान म्हणायची सवय कशी लागली?”

मुकुंद विद्वांस मूळचे वाईचे. स्पॅनिश हॉटेलचा मालक वाईचा निघावा हे एक आश्चर्य; पण खरं आश्चर्य पुढेच होतं. दुसऱ्या खेपेला मी त्यांना आग्रह केला, “काका, बसा ना. एक कोळंबी घ्या.”

“मी? मी शाकाहारी आहे.”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. कोळंबी, माकूल, हॅमचे कागदासारखे पातळ काप, अंड्याबटाट्याचं जाडजूड आमलेट असे अठरा पदार्थ त्यांच्या यादीवर होते आणि त्यातले तेरा त्यांनी उभ्या जन्मात जिभेला लावलेले नव्हते. स्वतः ते पावावर लसूण आणि पिकलेला टोमॅटो चोळून, वर तेल-मीठ घालून खात. सकाळी तेच, दुपारी तेच. जोडीला ऑलिव्ह. पण गिऱ्हाइकाला पदार्थ समजावून सांगताना असे रंगात येत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस माकूल खाऊनच लहानाचा मोठा झाला. “आधी जरा कुरकुरीत लागेल. मग मऊ. मग शेवटी मागे समुद्र येईल, किंचित!” हे सगळं त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून पाठ केलेलं होतं.

“चवीशिवाय हॉटेल चालतं कसं, काका?”

“कानाने,” ते म्हणाले.

तेही खरंच होतं. काका मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. वीस-बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी खरखरीतून मोर्सचे नेमके ठिपके आणि रेघा वेचल्या. मग उपग्रह आले, जहाजावरचं ते कामच संपलं, पण कान राहिले. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी लूसिया शेगडीशी असायची आणि काका बाहेर खिडकीपाशी डोळे मिटून, मान तिरकी करून उभे. आत तेल तडतडतंय, इथे हे टिपताहेत. “थांब... थांब... पाणी अजून आहे त्यात... आता! काढ!” लूसिया काढायची. तिशीची, आईसारखे काळेभोर केस, वडिलांसारखी उंची आणि बोलणं मात्र शुद्ध सिंगापूरचं. “पप्पा लाइक दॅट वन, लाह,” ती मला म्हणायची. “हिज इअर ऑल्वेज राइट. व्हेरी इरिटेटिंग.”

बाप-लेकीचं कायमचं भांडण एकाच गोष्टीवरून. लूसियाला वाटायचं, इथल्या लोकांना थोडं तिखट द्यावं. काकांना चिली सॉस हा शब्द कानाला सहन होत नसे. शेजारचे औषधवाले मिस्टर टॅन दर बुधवारी जेवायला येत आणि दर बुधवारी विचारत, “अंकल, चिली गॉट?” आणि काका छाती पुढे काढून सांगत, “चिली नो गॉट!” मग मिस्टर टॅन खिशातून स्वतःची छोटी बाटली काढत आणि काका तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहत. टॅन बाटली परत खिशात घालीपर्यंत ते इकडे वळत नसत. सहा वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी कुणालाही ते थांबायला नको होतं.

मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कोळंबी खाऊन सहज म्हणालो, “मागच्यापेक्षा लसूण जरा कमी करपलाय, नाही?”

काका तडक आत गेले. आत स्पॅनिश, इंग्रजी आणि वाईची मराठी अशा तिन्ही भाषांत काहीतरी वादावादी झाली. बाहेर आल्या आल्या त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरोबर आहे तुझं. आज लसूण लवकर काढला तिने. तुला जीभ आहे रे! नाव काय म्हणालास?”

“निखिल.”

“निखिल, शनिवारी दुपारी अडीचला येत जा.”

अशी माझी नेमणूक झाली. त्यानंतर दर शुक्रवारी ऑफिसात फोन यायचा. “अरे, उद्या जीभ मोकळी आहे ना?” आणि या जिभेचे नियम काय वर्णावे! शनिवारी सकाळपासून कॉफी नाही. शुक्रवारी हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर तिखट काही खायचं नाही. दात घासायला पुदिन्याची पेस्ट चालणार नाही. एकदा मी शुक्रवारी चोरून तिखट नूडल्सचा लाक्सा खाल्ला, तर शनिवारी माझ्याकडे नुसतं बघून म्हणाले, “काल काय खाल्लंस? नको, सांगू नकोस. पाणी पी आणि अर्धा तास बस.” पुण्याहून आईचा फोन आला की ती म्हणायची, “निदान मारुतीच्या वारी तरी नको रे खाऊस ते!” तिला काय सांगणार? हे सगळं सोवळं पाळायचं ते मारुतीच्याच वारी कोळंबी खायला.

अडीच वाजता दुपारची गिऱ्हाइकं उठलेली असत. दार ओढून घेतलेलं. लूसिया एक भांडं भरून कोळंबी करायची, काका त्यातली एक, फक्त एक, बशीत घालून माझ्यासमोर ठेवत. मी चावायचो. ते माझ्या जबड्याकडे परीक्षेचा निकाल बघावा तसे बघत.

“मागच्यासारखंच?”

“मागच्यासारखंच.”

मग ते भांडं ट्रेमध्ये ठेवत, शेजारी पाव, स्वतःसाठी टोमॅटोचा पाव, दोन घडी घातलेले नॅपकिन, आणि जिन्याने वर जात. “पिलारची तब्येत बरी नसते,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मला वाटे, नवरा-बायको जेवायला बसत असतील. गिऱ्हाइकं गेल्यावर चव कशाला बघतात, हा प्रश्न मला पडायचा. पण काकांच्या बाबतीत असे प्रश्न विचारायचे म्हटले तर हातातलं काम सोडून तेवढंच करावं लागलं असतं.

पिलार त्यांना भेटली ती स्पेनमधल्या कादिझ नावाच्या बंदरात. जहाज दुरुस्तीला लागलं होतं आणि धक्क्यावरच्या एका खानावळीत काकांनी आत जाऊन विचारलं होतं, “ज्यात कुठलाही प्राणी नाही असं काही मिळेल?” मालकाची मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, बिचारा आजारी आहे. तिने पावावर टोमॅटो चोळून दिला. तीन आठवडे काकांनी तेच खाल्लं. जहाज निघायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, लग्न करायचं असेल तर एकदा माझ्या हातची कोळंबी खाऊन बघ. काकांनी सांगितलं, पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा आईच्या पायाला हात लावून शब्द दिलाय, मांस-मासा खाणार नाही. ती रुसली. मग लग्नही झालं.

“पण विचारायची थांबली नाही हं,” काका हसत सांगायचे. “लग्नाच्या दिवशी विचारलं. लूसिया झाली त्या दिवशी विचारलं. हे हॉटेल उघडलं त्या दिवशी सगळ्यांसमोर भांडं हातात घेऊन उभी! मी नाही म्हणजे नाही.” हे सांगताना त्यांचा स्वर विजयाचा असायचा.

घरात नवरा-बायको स्पॅनिशच बोलत. लूसिया म्हणाली होती, “मम्मी स्पीक इंग्लिश ओन्ली टू कस्टमर.”

मग एका शनिवारी मला सणसणीत सर्दी झाली. नाक पार चोंदलेलं. शुक्रवारच्या फोनवरच सांगायला हवं होतं. पण ऑफिसात मी शंभरातला एक होतो आणि इथे मी एकुलती एक जीभ होतो. ते पद सोडवेना. गोळी घेतली आणि गेलो. कोळंबी तोंडात टाकली. गरम होती, एवढंच कळलं.

“मागच्यासारखंच?”

“अगदी मागच्यासारखंच!” मी ठोकून दिलं.

स्वयंपाकघराच्या दारात लूसियाने सुस्कारा सोडला. काका ट्रे घेऊन वर गेले. मी पाणी पीत बसलो. पाच-दहा मिनिटं गेली असतील, वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईचा घाबरलेला आवाज. ती स्पॅनिशमध्ये तेच तेच पुन्हा म्हणत होती. लूसिया धावत वर गेली.

बऱ्याच वेळाने बाप-लेक खाली आली. भांडं तसंच भरलेलं. लूसियाचे डोळे लाल झाले होते.

“सॉरी, पप्पा,” ती म्हणाली. “शेरी फिनिश. शॉप क्लोज. आय यूज द चायनीज वाइन फ्रॉम मिनिमार्ट. जस्ट वन स्पून. आय थॉट सेम-सेम, नोबडी विल नो.”

या कोळंबीत अगदी शेवटी स्पेनच्या शेरी वाइनचा एक चमचा पडतो. हिने त्या जागी चिनी तांदळाची दारू घातली होती. रंग तोच, चुरचुरणंही तेच, कान फसले. दारूला न शिवणारं काकांचं नाकही फसलं. उरलो मी.

“काका, मला सर्दी झालीय,” मी म्हणालो. “मला चव लागलीच नाही. मी खोटं बोललो.”

मला वाटलं, आता उद्धार होणार. पण काका समोरच्या खुर्चीत बसले आणि टेबलावरचा नसलेला कण बोटाने पुसत राहिले.

“तिला आता काही आठवत नाही रे,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. मी कोण, लूसिया कोण, हे गाव कुठलं. दिवसभर खिडकीत बसून असते. फक्त ही कोळंबी खाल्ली ना, की मला ओळखते. तिच्या आईने शिकवलेली चव. पहिला घास घेते आणि म्हणते, ‘मुकू, लसूण जरा जास्तच करपवलास.’ रागावते माझ्यावर. खूप रागावते. मग टेबल का पुसलं नाही, लूसियाचं लग्न का बघत नाही, सगळं काढते. अर्धा तास, कधी वीस मिनिटं. मग परत जाते. पण तेवढ्यासाठी मला हे मागच्यासारखंच लागतं. रोज दिलं तर बोथट होईल अशी भीती वाटते, म्हणून शनिवारी.”

“आणि आज?”

“आज म्हणाली, हे कुणाच्या घरचं जेवण आहे? मला माझ्या घरी न्या.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लूसिया वडिलांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. काकांनी तिचा हात थोपटला.

“तुमच्या दोघांची चूक नाही. चूक माझीच. चौतीस वर्षं संसार केला आणि माझ्या बायकोच्या हातची चव मला दुसऱ्याला विचारावी लागते.” मग म्हणाले, “ती काय मागत होती? एक घास. मी आईच्या शब्दाआड लपलो. आईने सुद्धा एवढं ताणून धरलं नसतं.”

पुढच्या शुक्रवारी फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. “जीभ मोकळी आहे ना? सर्दी?” मी म्हणालो, गेली. शनिवारी शेरीची नवी बाटली टेबलावर दिसेल अशी ठेवली होती. मी इतकं लक्ष देऊन आयुष्यात कधी काही खाल्लं नसेल.

“मागच्यासारखंच,” मी म्हणालो. “नक्की, काका. अगदी नक्की.”

“चल वर,” ते म्हणाले.

पिलारकाकूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खिडकीपाशी एक छोटं टेबल, त्यावर इस्त्री केलेला पांढरा कपडा. त्या ताठ बसल्या होत्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, कानात मोत्याच्या कुड्या. त्या कुड्या आपल्याकडच्या होत्या. काकांनी भांडं ठेवलं, समोर बसले, स्वतःच्या टोमॅटोच्या पावाची बशी पुढे ओढली. मी आणि लूसिया दाराशी उभे राहिलो.

काकूंनी एक कोळंबी घेतली. हळूहळू चावली. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते, माझ्याकडे बघत तसेच. पण परीक्षकाची ऐट त्यात नव्हती.

‘मुकू’ आलं नाही. काकू दुसरी कोळंबी खाऊ लागल्या. चव ओळखीची होती, चेहरा शांत होता, घाबरल्या नव्हत्या. पण रागावल्याही नाहीत. लूसियाने माझा दंड घट्ट धरला. शेरी बरोबर होती, लसूण बरोबर होता, जीभही बरोबर होती. आमच्या हातात होतं ते सगळं आम्ही बरोबर केलं होतं.

मग काकूंचं लक्ष काकांच्या बशीकडे गेलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. खुर्चीत जरा पुढे झुकून, घरमालकिणीच्या आदबीने त्या बोलल्या. इंग्रजीत.

“सर, तुम्ही नुसता पाव काय खाताय? कोळंबी घेऊन बघा. मी केलीय.”

लूसियाच्या तोंडून एक हुंदका फुटला, तो तिने हाताने दाबला. मग काकांनी हात पुढे केला, एक कोळंबी उचलली आणि तोंडात घातली. शेपटासकट. शेपूट काढायचं असतं हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं ती विकली, बशांत उरलेली शेपटं उचलली, पण स्वतः खायची वेळ कधी आली नव्हती. ते कडाकडा चावत राहिले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी चावत राहिले, आणि गिळलं.

“शेपूट नाही खायचं, सर,” काकू हसून म्हणाल्या. “पहिल्यांदाच खाताय वाटतं? कशी झालीय?”

मी वाट बघत होतो. ज्यांनी अख्ख्या हॉटेलला त्या शब्दाची बंदी केली होती ते विद्वांसकाका तोंड पुसून म्हणाले, “छान झालीय. फारच छान झालीय.”

काकूंचा चेहरा उजळला. “माझा नवरा खात नाही,” त्या त्यांच्याकडे झुकून, गुपित सांगावं तशा म्हणाल्या. “आईला शब्द दिलाय म्हणे. फार हट्टी आहे. पण माणूस चांगला आहे. खाईल एक दिवस.”

“खाईल,” काका म्हणाले. “नक्की खाईल.”

काकूंनी भांडं त्यांच्याकडे सरकवलं. काकांनी दुसरी कोळंबी उचलली, आणि या वेळी शेपूट काढून बशीच्या कडेला नीट ठेवलं.